जुन्या पेडल स्टीलचा चेंजर : जपायचा की बदलायचा?

जुन्या हिंदी चित्रपटगीतांत आपण जी हवाईयन गिटार ऐकतो तिला पेडल नसतात. तिची सगळी मींड डाव्या हातातल्या धातूच्या कांबीतून येते. अमेरिकेत याच वाद्याला 1930 च्या दशकाच्या अखेरीस पेडल लागले आणि त्याची पेडल स्टील गिटार झाली. गिब्सनची इलेक्ट्राहार्प त्यांतली ओळखीची. सुरुवातीला पेडलांचा उपयोग मुख्यतः तारांची लावणी पटकन बदलण्यापुरता होता. स्वर गुंजत असतानाच पेडल दाबण्याची लाट आली ती 1953 च्या अखेरीस नॅशव्हिलमध्ये मुद्रित झालेल्या एका गाण्यानंतर. एक तार जागेवर स्थिर आणि शेजारची चढत जाऊन तिला भिडते, हा आवाज ऐकल्यावर वादक आपल्या साध्या स्टील गिटारींना पेडल बसवून घेऊ लागले. पेडल स्टील बनवणाऱ्या शो-बड कंपनीचे नाव अशाच कामातून उभे राहिले.

म्हणून ‘मूळ स्थिती’ म्हणजे नेमकी कोणती, हा प्रश्न या वाद्यांबाबत फार अवघड होतो.

जपायचे की बदलायचे, हे सगळे भांडण चेंजरवर येऊन ठेपते. चेंजर म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी, पण हलणारी. प्रत्येक तारेखाली धातूचे एक बोट, आणि पेडलपासून सळया व बेलक्रँक (ओढीची दिशा वळवणारी तरफ) यांमार्फत आलेली ओढ ते बोट फिरवते. आज रूढ असलेल्या ई-नाइन लावणीतली चौथी तार घ्या. मोकळी असताना ती ई हा पाश्चात्त्य स्वर बोलते. पेडलने तिला एफ-शार्पपर्यंत चढवायचे, गुडघ्याच्या एका तरफेने एफवर न्यायचे आणि दुसरीने ई-फ्लॅटवर उतरवायचे. पहिल्या पिढीच्या यंत्रणांकडून एका तारेवर एवढी कामे होत नसत. त्यांतल्या पुल-रिलीज प्रकारात चढा स्वर पेडल दाबून खुंटीने लावायचा आणि मोकळा स्वर नंतर स्क्रूने. सवय नसलेला माणूस यात हमखास गोंधळतो. 1957 च्या फेंडर 1000 मध्ये सळयांऐवजी केबल आल्या. केबलींचे हुक हलवून पेडलांची मांडणी बदलता येई.

1960 च्या दशकात एमन्स कंपनीचा पुश-पुल चेंजर आला. इथे स्वर चढवताना बोट ओढले जाते आणि उतरवताना ढकलले जाते. मधल्या काळात ते पक्क्या अडणीला टेकून राहते. त्या टेकण्यामुळेच आवाजाला धार आणि भरीवपणा येतो, असे जुने वादक सांगतात. पुढे ऑल-पुल पद्धत सर्वत्र झाली. तिच्यात मोकळा स्वर खुंटीवर लागतो आणि प्रत्येक बदल टोकाच्या नटवर स्वतंत्रपणे. दुरुस्तीला इतकी सोपी, की अनेकांनी जुन्या गिटारींचे पोट रिकामे करून आत ऑल-पुल बसवली.

रोज रात्री मंचावर वाजवणाऱ्याने तसे केले तर त्याला दोष देता येणार नाही. पण ‘जुना चेंजर सुरात राहतच नाही’ हे त्यामागचे कारण बरेचदा तपासलेलेच नसते. पन्नास-साठ वर्षांचे तेल बोटांच्या आसाभोवती गोंदासारखे घट्ट झालेले असते. त्यामुळे बोट पूर्ण परतत नाही आणि स्वर किंचित चढा राहतो. नॅफ्थाने (तेल विरघळवणाऱ्या द्रवाने) धुऊन, वाळवून, पातळ तेलाचा एकेक थेंब दिला की तेच बोट खटकन जागेवर येते. बोटाच्या गोल माथ्यावर तारेने कोरलेली खाच असेल तर तार झणझणते. तिथे बारीक पॉलिश पेपर पुरतो. पेडल दाबल्यावर त्या पेडलने न ओढलेल्या तारा उतरत असतील, तर तो मेपल लाकडाच्या सांगाड्याचा वाक असू शकतो. तो दोष चेंजर बदलून जाईलच असे नाही.

खरी अडचण येते ती ओतीव जस्तमिश्र धातूचे भाग तडकतात तेव्हा. तिथे नवा भाग घडवावाच लागतो. चेंजर बदलण्यावाचून गत्यंतर नसेल, तर लाकडाला नवे भोक न पाडता बदलावा आणि काढलेली प्रत्येक सळई, कॉलर, स्प्रिंग वाद्याच्याच पेटीत ठेवावी. पुढचा मालक ती परत बसवू शकतो.