चिनी रुग्णांच्या चेहऱ्यावरील त्वचेचा कर्करोग आणि त्यावरची शस्त्रक्रिया: पार्श्वभूमी

चेहऱ्याच्या त्वचेवर सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे बेसल सेल कार्सिनोमा. गोऱ्या माणसांत तो बहुधा गुलाबी, मोत्यासारखी चमकणारी गाठ म्हणून दिसतो. चिनी रुग्णांत मात्र अनेकदा काळा. साहजिकच घरचे त्याला तीळ समजतात. तीळ जाळून काढणारे तिकडे बाजारातही भेटतात. वरचा डाग जातो, गाठ आत पसरत राहते. रुग्ण सर्जनकडे पोहोचेपर्यंत नाकपुडी किंवा पापणी पोखरलेली असते.

उशिरा येणे तिथे जुनेच. १८३५ साली पीटर पार्कर या अमेरिकी मिशनरी डॉक्टरने ग्वांगझोऊत डोळ्यांचे रुग्णालय उघडले आणि लोक त्याच्याकडे वर्षानुवर्षे वाढलेल्या गाठी घेऊन आले. १८३६च्या जानेवारीत त्याने १३ वर्षांच्या मुलीच्या कानशिलावरची मोठी गाठ काढली, तीही भूल न देता. भूल देणारे ईथर तिथे १८४७ साली आले. लाम क्वा या चित्रकाराने पार्करच्या रुग्णांची तैलचित्रे काढली. सगळ्याच गाठी कर्करोगाच्या नव्हत्या, पण एवढे ओझे घेऊनही शांत बसलेले ते चेहरे पाहिले की गलबलून येते.

गाठ पुरती निघाली का, हे ठरवायची नेमकी रीत फ्रेडरिक मोह्स यांनी १९३०च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये बसवली: पातळ थर काढायचा, त्याची संपूर्ण कड सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, पेशी उरल्या असतील तेवढ्याच जागी पुन्हा कापायचे. चेहऱ्यावर निरोगी कातडी वाचवणे मोलाचे असते, म्हणून ही रीत टिकली.

मग खड्डा भरायचा. नाकासाठी कपाळाची कातडी भुवईपाशी जोडलेली ठेवून खाली वळवतात. रक्तपुरवठा तिथूनच सुरू राहतो. ही पद्धत युरोपला कळली ती नाक कापले गेलेल्या कावसजी या गाडीवानावर पुण्यात झालेल्या शस्त्रक्रियेच्या १७९४ मधील लंडनच्या वृत्तांतातून. ती करणारा वैद्य परंपरेने शिकलेला होता, आणि त्याचे नावही कोणी नीट टिपून ठेवले नाही, याची मला खंत वाटते.

मोठ्या खड्ड्यांवरचे उत्तर दिले ते चीनने. अमेरिकेत प्लास्टिक सर्जरी शिकून परतलेल्या सोंग रुयाओ यांच्या पुढाकाराने १९५७ साली बीजिंगमध्ये या शाखेचे स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले. १९८१ साली यांग ग्वोफान आणि सहकाऱ्यांनी मनगटाकडच्या धमनीसह उचललेली हाताची कातडी जगापुढे मांडली. सर्जन तिला आजही ‘चायनीज फ्लॅप’ म्हणतात; फ्लॅप म्हणजे रक्तवाहिनीसह उचलून दुसरीकडे लावलेली कातडी. १९८४ साली मांडीच्या फ्लॅपची भर पडली. मुंबईच्या टाटा रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगानंतर गाल किंवा जीभ पुन्हा घडवताना हेच दोन फ्लॅप वापरले जातात.