दहाव्या मिनिटाचा वेग

इंटेल कंपनीच्या तेराव्या पिढीतले तीन प्रोसेसर, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिप, घेऊ: आय७-१३७००के, आय७-१३७००एच आणि आय७-१३५५यू. तिघांचं घराणं एकच, आय७. पहिला डेस्कटॉपचा, त्यात १६ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग. दुसरा जाडजूड लॅपटॉपचा, त्यात १४. तिसरा सडपातळ लॅपटॉपचा, त्यात १०, आणि त्यांतले मोठे, दमदार कोअर फक्त २. जाहिरातीत मात्र 'आय७' ठळक असतं आणि शेवटचं ते एक अक्षर, ज्यात सगळी गोम आहे, ते बारीक.

वेगाचे आकडे पाहायला जावं तर गोंधळ आणखी वाढतो. पहिल्याचा कमाल वेग ५.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५४० कोटी ठोके, तिसऱ्याचा ५. फरक जेमतेम ७ टक्क्यांचा. मग एवढा मोठा डेस्कटॉपचा डबा टेबलाखाली ठेवायचाच कशाला?

उत्तर वॅटमध्ये आहे. १३७००के साठी इंटेलने मूळ वीजवापर १२५ वॅट ठरवला आहे आणि जोर लावल्यावरची कमाल मर्यादा २५३ वॅट. १३५५यू साठी हेच आकडे १५ आणि ५५. प्रोसेसर जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. याच पिढीतल्या सर्वांत मोठ्या चिपचं क्षेत्रफळ जेमतेम अडीच चौरस सेंटिमीटर आहे. तिथून २५३ वॅट काढायचे म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे १०० वॅट. १५०० वॅटची, १८ सेंटिमीटर व्यासाची विजेची शेगडी दर चौरस सेंटिमीटरमागे साधारण ६ वॅट देते. डेस्कटॉपमध्ये ही धग ओढून घ्यायला मुठीपेक्षा मोठा धातूचा ठोकळा आणि भलेमोठे पंखे बसवता येतात. बोटभर जाडीच्या लॅपटॉपमध्ये ते कुठे बसवणार? शिवाय बॅटरीचाही प्रश्न आहेच. विमानात विशेष परवानगीशिवाय १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते. २५३ वॅट ओढणारा प्रोसेसर तिचा २४ मिनिटांच्या आत फडशा पाडेल, स्क्रीनचा खर्च वेगळा.

पण म्हणून लॅपटॉप पाचपट हळू चालतो, असंही होत नाही. इथे भौतिकशास्त्र लॅपटॉपच्या बाजूने उभं राहतं. चिपमधला वीजखर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज × व्होल्टेज) प्रमाणातही. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं, त्यामुळे खर्चाला दुहेरी फोडणी बसते. उलट दिशेने पाहा: वेग आणि व्होल्टेज दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले, तर ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे जवळपास निम्म्या विजेत ८० टक्के काम होतं. डेस्कटॉपचे शेवटचे शंभर वॅट हे बहुतेक वेळा शेवटच्या थोड्याशा वेगासाठी मोजलेली किंमत असतात. माझ्या मते ती बरेचदा उधळपट्टीच असते, पण विक्रीचे तक्ते त्या थोड्याशावरच जिंकले जातात.

लॅपटॉपची खरी अडचण वेळेची आहे. काम सुरू झालं की प्रोसेसर काही सेकंद कमाल मर्यादेपर्यंत उसळी घेतो, कारण धातू अजून थंड असतो. मग तो तापतो, आणि प्रोसेसर मुकाट्याने खाली येतो. फाइल उघडणं, वेबपान लोड करणं ही कामं त्या पहिल्या काही सेकंदांतच उरकतात, म्हणून रोजच्या वापरात दोघांमधला फरक जाणवतच नाही. तासाभराचा व्हिडिओ रेंडर करायला, म्हणजे संपादनानंतर अंतिम फाइल बनवायला, लावला की मात्र पितळ उघडं पडतं.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण ॲपलने नकळत दिलं. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेली एम१ चिप मॅकबुक एअरमध्येही होती आणि मॅक मिनी या डेस्कटॉपमध्येही. एअरला पंखा नाही, मिनीला आहे. छोट्या कामांत दोघे बरोबरीचे. दीर्घ कामात एअर काही मिनिटांनी मंदावतो, मिनी तसाच चालत राहतो. चिप तीच, फक्त तिच्याभोवतीची हवा वेगळी.

आणि लॅपटॉपची चिप म्हणजे डेस्कटॉपची गरीब नातेवाईक, हा समज तर इतिहासानेच खोडून काढलाय. २००४ च्या सुमारास पेंटियम ४ हा डेस्कटॉप प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झवर ११५ वॅट ओढत होता आणि तिथेच अडकला. ४ गिगाहर्ट्झचा बेत इंटेलने त्याच वर्षी सोडून दिला. तिकडे इस्रायलमधल्या हैफाच्या चमूने लॅपटॉपसाठी बनवलेला पेंटियम एम १.६ गिगाहर्ट्झवर, २५ वॅटच्याही आत, दर ठोक्याला जास्त काम उरकत होता. पुढे २००६ मध्ये डेस्कटॉपवर आलेल्या कोअर २ ची मुळं या लॅपटॉपच्या वंशातच होती. आता वाहतूक उलटीही चालते: लॅपटॉपसाठीचा आय९-१३९००एचएक्स हा मुळात डेस्कटॉपचाच २४ कोअरचा प्रोसेसर, फक्त मूळ वीजवापर १२५ वरून ५५ वॅटवर आणलेला.

त्यामुळे प्रोसेसरच्या वेगाच्या चाचणीचे गुण वाचताना चाचणी किती वेळ चालली हे आधी बघावं. सिनेबेंच आर२३ या चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरला निदान १० मिनिटं राबवायची सोय मुद्दाम ठेवली आहे. पहिल्या मिनिटाचे गुण आणि दहाव्याचे, यांतल्या फरकावरून पातळ लॅपटॉपची ओळख पटते. चार्जर काढूनही एकदा चाचणी घ्यावी, कारण नुसत्या बॅटरीवर अनेक लॅपटॉप आपली मर्यादा आणखी खाली ओढतात. मी स्वतः तुलनेचा तक्ता समोर आला की गुणांच्या शेजारी वॅट दिलेत का ते आधी शोधतो. नसतील तर पुढे वाचत नाही.