इंजिनबदल (जुन्या पिकअपमधील)

जुन्या पिकअपची चासी, केबिन व हौदा कायम ठेवून मूळ इंजिनाच्या जागी नव्या पिढीचे इंजिन बसवणे. नागपुरात हे काम मुख्यतः महिंद्राच्या जीप घराण्यातील गाड्यांच्या संदर्भात ध्यानात घ्यावे लागते. त्यांतील एफसी-150 ही चपट्या नाकाची पिकअप भारतात 1965 च्या सुमारास आली असावी. तिचे मूळ इंजिन 2,199 घन सेंमी. (सीसी) क्षमतेचे, चार सिलिंडरी पेट्रोल ‘हरिकेन’.

पेट्रोल काढून डिझेल बसवण्याचा उगम दोन ठिकाणी शोधता येतो: 1963 मध्ये महिंद्राच्या भागीदारीत स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीच्या बी-275 ट्रॅक्टरचे इंजिन, किंवा 1973 चे तेलसंकट. दुसरे अधिक पटते. इंजिन आधीपासून हाताशी होते. खर्चिक बदलाची निकड महागलेल्या पेट्रोलने आणली. ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आतच फिरते. जीपच्या 5.38 गुणोत्तराच्या डिफरन्शियलमुळे (चाकांना फिरवणारी दंतचक्रपेटी; चाकाच्या एका फेरीला 5.38 फेऱ्या लागतात) अशी गाडी टॉप गिअरमध्ये ताशी जेमतेम 50 किमी. गाठते.

खरी कसोटी जोडणीची. इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये लेथवर कातलेली ॲडॉप्टर प्लेट (दोहोंना जोडणारी धातूची चकती) येते. फ्लायव्हीलवर डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे काट्याचे उपकरण) लावून क्रँक हाताने फिरवतात आणि बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) भोकाभोवती काटा किती हलतो ते पाहतात. मध्य थोडा जरी चुकला तरी पायलट बुश (गिअरबॉक्सच्या दांड्याचे टोक पेलणारी बुशी) झिजते, क्लच थरथरतो आणि गिअर निसटू लागतो. कॉमन रेल इंजिनाबरोबर (सामाईक उच्चदाब नळीतून इंधन फवारणारे नवे डिझेल इंजिन) ईसीयू (इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेटी), वायरिंग, पेडल सेन्सर व इंधनाची परतीची नळीही आणावी लागते. एफसीत इंजिन दोन आसनांच्या मधे असल्याने त्याची उंची आणि उष्णता दोन्ही नडतात. 23 मे 2013 रोजी 47.9 अंश नोंदवलेल्या या शहरात मोठा रेडिएटर टाळणे हितावह नाही. वाढलेल्या वेगाला जुने ड्रम ब्रेक अपुरे पडतात, याकडे मात्र फार दुर्लक्ष होते.

मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच उचलून धरले. त्यामुळे एमएच 31, 40 वा 49 या नागपूरच्या क्रमांकाच्या गाडीत वेगळ्या जातीचे इंजिन टाकण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची परवानगी पाहावी. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हीए’ ही व्हिंटेज मालिका आणली. इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी तिला पात्र ठरत नाही.