गावाच्या नळाचे पाणी कोणाच्या हाती?

एखाद्या गावाची नळ पाणीपुरवठा योजना बंद पडली, असे कानावर आले की जळालेली मोटार, फुटलेली जलवाहिनी किंवा थकलेले वीजबिल ही कारणे आपल्याला लगेच सुचतात. ती खरीही असतात. मात्र दख्खनच्या पठारावर यांपैकी काहीही बिघडलेले नसताना योजना बंद पडते. पंप चालू स्थितीत असतो, टाकी मजबूत असते, घरोघरी तोट्याही बसलेल्या असतात. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये योजनेचा उद्भव, म्हणजे जिच्यातून पाणी उपसायचे ती विहीर किंवा विंधन विहीर, आटते आणि गावाला टँकरची वाट पाहावी लागते. गावाने आपली पाणी योजना आपणच चालवावी, हे धोरण आता सर्वमान्य आहे. पण गावाच्या हाती नक्की काय सोपवले आणि काय सोपवायचे राहून गेले, हे समजण्यासाठी आधी जमिनीखाली पाहावे लागते.

महाराष्ट्राचा सुमारे ८१ टक्के भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. साधारणपणे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत आणि थिजत गेले व त्यांतून हे पठार उभे राहिले. प्रत्येक थराचा खालचा भाग बहुधा घट्ट काळ्या पाषाणाचा असतो, तर वरच्या भागात लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे राहून गेलेली असतात. घट्ट पाषाणात पाणी राहते ते केवळ भेगांमध्ये. छिद्रे असलेला, भेगाळलेला आणि वरून झिजलेला भाग मात्र थोडेफार पाणी धरून ठेवतो. हे प्रमाण किती, हा कळीचा मुद्दा आहे. तापी-पूर्णेच्या खोऱ्यातील वाळूमिश्रित गाळाच्या एक घनमीटर भागातून शंभर लिटर किंवा त्याहून अधिक पाणी उपसता येते, तर पाणी धरणाऱ्या बेसाल्टच्या तेवढ्याच भागातून साधारण दहा ते तीस लिटरच मिळते. त्यामुळे बेसाल्टमधील साठा खोल रांजणासारखा नसून पसरट परातीसारखा असतो. चांगल्या पावसात तो लवकर भरतो आणि उपसा सुरू झाला की तितक्याच लवकर रिता होतो. एका वर्षीची शिल्लक पुढच्या वर्षी फारशी हाती लागत नाही.

याच भेगांमुळे एका विहिरीचे पाणी दुसऱ्या विहिरीशी जोडलेले असते. गावाच्या विहिरीपासून थोड्या अंतरावर कोणी खोल विंधन विहीर घेतली आणि तिला तीच भेग लागली, तर गावाचे पाणी त्या विहिरीकडे ओढले जाते. हा धोका ओळखून महाराष्ट्राने १९९३ साली कायदा केला आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर निर्बंध घातले. पुढे २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवरही नियंत्रण आले. कायदे चांगले आहेत. पण विहिरीची पातळी कोणत्या महिन्यात किती होती आणि शेजारचा पंप सुरू झाल्यावर ती किती उतरली याची नोंदच गावाकडे नसेल, तर तक्रार तरी कशाच्या आधारावर करायची?

आता थोडे गणित करून पाहू. दीड हजार लोकवस्तीचे आणि एक हजार हेक्टर क्षेत्राचे एक गाव कल्पू या, जिथे वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. या हिशोबाने गावाच्या शिवारात वर्षभरात ५०० कोटी लिटर पाणी पडते. त्यातील बहुतेक पाणी बाष्प होऊन उडते, ओढ्यातून वाहून जाते किंवा मातीतच राहून पिकांना मिळते. खडकात मुरणारा वाटा दहा टक्के धरला, तर तो ५० कोटी लिटर होतो. माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे जल जीवन मिशनने ठरवलेल्या मापाने, या गावाला घरगुती वापरासाठी वर्षाला सुमारे तीन कोटी लिटर पाणी पुरते. मुरलेल्या पाण्याचा हा सहा टक्के भाग झाला. दुसरीकडे उसाच्या पिकाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. पावसातून मिळणारा हिस्सा वजा करून उरलेली गरज दीड हजार मिलिमीटर धरली, तरी केवळ दोन हेक्टर ऊस तीन कोटी लिटर पाणी घेतो, म्हणजे संपूर्ण गावाच्या वर्षभराच्या पिण्याच्या पाण्याएवढे.

हे गणित माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा आहे. पिण्याच्या पाण्याची टंचाई पिण्याच्या पाण्यामुळे उद्भवत नाही. ती शेतीच्या उपशामुळे उद्भवते. मात्र गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा अधिकार विहीर, टाकी आणि नळ एवढ्यापुरताच मर्यादित राहतो. उरलेल्या ९४ टक्के पाण्याचा निर्णय प्रत्येक शेतकरी आपापल्या बांधावर स्वतंत्रपणे घेतो, आणि त्या निर्णयांची बेरीज उन्हाळ्यात नळाला भोवते.

हिवरे बाजारने हीच बेरीज ग्रामसभेत मांडली, आणि म्हणून ते उदाहरण कितीही वेळा सांगितले गेले असले तरी जुने होत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हे गाव पर्जन्यछायेत येते आणि तिथे वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तिथे समतल चर, बांध, वृक्षलागवड आणि चराईबंदी अशी पाणलोटाची कामे झाली. अशी कामे महाराष्ट्रात इतरत्रही झाली; हिवरे बाजारचे वेगळेपण त्यानंतरच्या पायरीत आहे. गावाने शेतीसाठी विंधन विहिरी घ्यायच्या नाहीत असे ठरवले, ऊस आणि केळीसारख्या पिकांवर बंदी घातली आणि पावसाच्या व विहिरींच्या मोजमापावरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे आणि उरलेल्या पाण्यात रब्बीला कोणते पीक किती क्षेत्रावर घेता येईल ते ठरवायचे, अशी ही पद्धत आहे. पाऊस कमी झाला तर रब्बीचे क्षेत्र घटते. नळाला पाणी राहते ते या निर्णयामुळे. बंधाऱ्यांनी पाणी मुरवले, पण ते राखले ग्रामसभेने.

हा ताळेबंद मांडण्यासाठी लागणारी साधने साधीच आहेत: एक पर्जन्यमापक, विहिरीची पातळी मोजायला दोरी किंवा टेप, पिकांच्या क्षेत्राची यादी आणि नोंदवही. अवघड आहे ते खडकाचे ज्ञान, म्हणजे पाणी कुठे मुरते, कोणत्या थरात साठते आणि कोणत्या विहिरी एकाच थरातून पाणी घेतात ते समजणे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे हे ज्ञान आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात उभी राहिलेली ही यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या नियमितपणे मोजते. हे आकडे गावाच्या भाषेत, गावाच्या नकाशावर ग्रामसभेपुढे यायला हवेत. २०१९ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांसाठी जाहीर झालेल्या अटल भूजल योजनेने ग्रामपंचायतींकडून जलसुरक्षा आराखडे करून घेण्याचा मार्ग धरला, तो या दृष्टीने योग्य आहे.

धोरणाचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. ७३ व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी आणि स्वच्छता हे विषय पंचायतींकडे सोपवण्याजोग्या विषयांच्या यादीत घातले. २००० साली महाराष्ट्राने मागणीवर आधारित धोरण स्वीकारले, ज्यात योजना गावाने मागायची, खर्चाचा दहा टक्के वाटा उचलायचा आणि पुढे देखभाल करायची, असे ठरले. २००३ पासून जलस्वराज्य प्रकल्पातून ही पद्धत २६ जिल्ह्यांत राबवली गेली आणि २०१९ मध्ये जल जीवन मिशन आले.

देखभाल गावाने करायची, तर यंत्र गावाला दुरुस्त करता येईल असे असले पाहिजे. हातपंपाच्या इतिहासात हा धडा स्पष्ट दिसतो, आणि त्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. साठ आणि सत्तरच्या दशकांत विंधन विहिरींवर बसवलेले बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले होते. शेकडो माणसांच्या रोजच्या वापराखाली ते झपाट्याने मोडत. जालना आणि सोलापूर येथील कार्यशाळांमध्ये घडलेल्या पोलादी पंपांच्या अनुभवातून पुढे इंडिया मार्क दोन हा पंप तयार झाला आणि तो जगभर गेला. तो दणकट होता, पण त्याचा दट्ट्या आणि वॉशर विहिरीत खोलवर, नळीपेक्षा रुंद सिलिंडरमध्ये बसलेले असत. वॉशर बदलण्यासाठी सगळ्या लोखंडी नळ्या वर ओढाव्या लागत आणि त्यासाठी तालुक्याहून पथक येईपर्यंत गाव थांबून राहत असे. मार्क तीनमध्ये नळीचा व्यास वाढवून ६५ मिलिमीटर करण्यात आला, त्यामुळे नळ्या जागेवर ठेवून दट्ट्या वर काढता येऊ लागला. व्यासातील या बदलाने दुरुस्तीचे बरेचसे काम पथकाकडून गावातल्या दोन-तीन प्रशिक्षित माणसांच्या आवाक्यात आले.

नळ योजनेत यापेक्षा अधिक गोष्टी सांभाळाव्या लागतात आणि पहिली गोष्ट पैशाची. आपल्या कल्पित गावाला रोज साडेब्याऐंशी हजार लिटर पाणी लागते. ते एकूण ५० मीटर उचलायचे असेल आणि पंप व मोटार मिळून कार्यक्षमता ५० टक्के असेल, तर रोज सुमारे साडेबावीस युनिट वीज लागते. जलवाहिनीतून ३० टक्के पाणी गळत असेल, तर तेवढेच पाणी घरांपर्यंत पोहोचवायला सुमारे ३२ युनिट लागतात. वर्षाला साडेतीन हजार युनिट वीज केवळ गळतीपायी जाते. पाणीपट्टी थकली की वीजबिल थकते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण बिलाचा किती भाग फुटक्या सांध्यांतून वाहून जातो याचा हिशोब क्वचितच मांडला जातो. पंपाजवळ एक जलमापक बसवला आणि टाकीतले पाणी रोज मोजले, तर हा हिशोब महिन्याभरात पुढे येतो.

गळतीचा दुसरा परिणाम आरोग्यावर होतो. गावात पाणी दिवसातून तासभर सुटते आणि उरलेले तास जलवाहिनी रिकामी असते. पाणी उतरत असताना नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि फुटक्या सांध्याजवळ गटार किंवा साचलेला चिखल असेल तर तेथील घाण आत ओढली जाते. म्हणून टाकीत शुद्ध असलेले पाणी तोटीपाशी अशुद्ध निघू शकते, आणि म्हणूनच क्लोरीनचा अंश शेवटच्या नळाला तपासायचा असतो. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा लागतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक सामान्यतः हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर टाकतो. पावडर ताजी असेल आणि तिच्यात ३३ टक्के क्लोरीन असेल, तर लिटरमागे सुमारे १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. पण हीच पावडर उघड्या पोत्यात, दमट खोलीत काही महिने पडून राहिली आणि तिच्यातील क्लोरीन १५ टक्क्यांवर आला, तर तोच डोस निम्म्याहून कमी भरतो. जलसुरक्षकाने डोस चुकवलेला नसतो; पावडरच मेलेली असते. बंद डबा आणि कोरडी, अंधारी जागा ही खबरदारी म्हणूनच औषधाएवढी महत्त्वाची ठरते.

पाणी आणि शौचालय यांचा संबंधही खडकातूनच जातो. दोन शोषखड्ड्यांचे शौचालय हे ग्रामीण भागासाठी उत्तम तंत्र आहे. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिला दीड-दोन वर्षे बंद ठेवायचा, की त्यातील रोगजंतू मरून खत तयार होते. मात्र अनेक ठिकाणी लवकर भरू नये म्हणून एकच खड्डा तीन-चार मीटर खोल खोदला जातो, आणि पावसाळ्यात भूजलाची पातळी वर आली की ते पाणी थेट खड्ड्यातील मैल्याशी जोडले जाते. जाड मातीच्या थरात दहा-पंधरा मीटर अंतर जंतू अडवायला पुरते. भेगाळलेल्या बेसाल्टमध्ये ते त्याहून कितीतरी लांब जाऊ शकतात. अशा ठिकाणी खड्डे उथळ ठेवणे, तळ सिमेंटने बंद करणे आणि भोवती अर्धा मीटर जाडीचा बारीक वाळूचा थर भरणे हे उपाय करावे लागतात. जंतू क्लोरीनने मरतात, पण मैल्यातून आणि रासायनिक खतांतून उतरणारे नायट्रेट क्लोरीनने जात नाही आणि पाणी उकळूनही जात नाही. उद्भवाच्या वरच्या अंगाला, म्हणजे ज्या बाजूने भूजल वाहत येते तिकडे, शोषखड्डे आणि उकिरडे होऊ न देणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. शौचालयांच्या जागा ठरवताना भूजलाचा उतार कोणी विचारात घेत नाही, याची मला फार काळजी वाटते.

शेवटचा प्रश्न वाटपाचा आहे. गावठाणापासून दूरची किंवा उंचावरची वस्ती बहुधा जलवाहिनीच्या टोकाला येते, आणि ही वस्ती कोणाची असते हे महाराष्ट्रात सांगावे लागत नाही. पाण्याचा दाब वाटेतल्या घर्षणाने आणि वाटेतल्या नळांनी घटत जातो. टाकीजवळच्या घरात मिनिटाला पाच लिटर पाणी येत असेल, तर पाच माणसांच्या कुटुंबाचे २७५ लिटर पाणी ५५ मिनिटांत भरते. टोकाच्या घरात मिनिटाला दोनच लिटर आले, तर तासाभरात १२० लिटर मिळतात, म्हणजे माणशी २४ लिटर. कागदावर दोन्ही घरांना नळजोडणी आहे. समितीत निम्म्या जागा स्त्रियांना देण्याचा नियम आहे, आणि टोकाच्या घरी हंडा किती वेळात भरतो हे त्यांना बरोबर ठाऊक असते. ते माप बैठकीत नोंदवले गेले, तर व्हॉल्व्ह बसवून गावाचे दोन-तीन भाग करता येतात, टोकाच्या भागाला स्वतंत्र वेळ आणि पूर्ण दाब देता येतो, आणि त्यासाठी नवी टाकी किंवा नवा उद्भव लागत नाही.