टाकी घासून धुतली म्हणून मासा बरा होत नाही
‘मासा मलूल दिसला की टाकी रिकामी करा, खडे घासा, सगळं पाणी नवं भरा.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि बहुतेकदा अंगाशी येतो. मासे पाण्यात अमोनिया सोडतात. तो पचवणारे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर राहतात. नळाखाली स्पंज खळखळून धुतला की क्लोरीनने ते मरतात. पुन्हा जमायला ४ ते ६ आठवडे लागू शकतात. तोवर अमोनियाने कल्ले भाजतात, मासा वर येऊन धापा टाकतो. आपण मात्र रोगालाच बोल लावतो! त्यापेक्षा पाव टाकी पाणी बदला, तेही क्लोरीन काढलेलं. स्पंज टाकीतून उपसलेल्या पाण्यातच हलका पिळा. तपकिरी राहिला तर राहू दे.