फ्रॉम रशिया विथ लव्ह (१९६३) : कलावंत आणि तंत्रज्ञ

‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ हा १९६३ मधला ब्रिटिश हेरपट आणि जेम्स बाँड मालिकेतला दुसरा चित्रपट. इयन फ्लेमिंगच्या १९५७ साली आलेल्या कादंबरीवर तो बेतला आहे. अल्बर्ट ब्रॉकोली आणि हॅरी सॉल्ट्झमन हे निर्माते, टेरेन्स यंग दिग्दर्शक आणि शॉन कॉनरी नायक. १० ऑक्टोबर १९६३ रोजी लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या ओडियन चित्रपटगृहात त्याचा पहिला खेळ झाला. इस्तंबूलच्या सोव्हिएत वकिलातीतली तरुण कारकून तातियाना सांकेतिक संदेश उलगडणारे यंत्र घेऊन पळून यायला तयार होते, तिला आणायला बाँड जातो, आणि हा सगळा बनाव तिसऱ्याच एका गुन्हेगारी संघटनेने रचलेला असतो, इतके कथानक सांगितले तरी पुरे. या नोंदीचा विषय आहे तो उभा करणारी माणसे.

कॉनरीच्या पलीकडे या चित्रपटाकडे पाहिले की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. इथले एकेक पात्र कितीदा तरी दोघादोघांनी मिळून पेलले आहे. चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा. हात एकाचे, बोलणे दुसऱ्याचे. जवळून दिसतो तो नट, लांबून दिसतो तो दिग्दर्शक. यातले काही ठरवून केलेले होते, पण पुष्कळसे अडचणीतून निघालेले होते. तरीही पडद्यावर सांधा दिसत नाही. मालिकेतल्या चित्रपटांत हा मला सर्वांत दमदार वाटतो, त्याचे श्रेय मी या सांधेजोडीला देतो.

पहिल्या ‘डॉ. नो’ला (१९६२) यश मिळाले आणि निर्मात्यांनी पुढच्यासाठी हीच कादंबरी निवडली. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या आवडत्या दहा पुस्तकांची यादी १९६१ च्या मार्च महिन्यात ‘लाइफ’ साप्ताहिकात छापून आली होती आणि तीत हे पुस्तक होते. या निवडीमागे त्या यादीचाही वाटा होता. खर्चाची मर्यादा या वेळी दुप्पट, म्हणजे सुमारे २० लाख डॉलर होती. पटकथा रिचर्ड मेबॉमची. रूपांतराचे श्रेय जोहाना हारवूड या आयरिश लेखिकेला आहे. पहिल्या चित्रपटाच्या लेखनातही तिचा हात होता. कादंबरीत बाँडचा शत्रू म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्याची ‘स्मर्श’ ही शाखा. शीतयुद्धाच्या राजकारणात थेट पडायचे नाही म्हणून चित्रपटात तिच्या जागी ‘स्पेक्टर’ ही कोणत्याही देशाची नसलेली टोळी आणली गेली. या बदलाने गोष्टीला एक पीळ मिळाला: इंग्रज आणि रशियन दोघेही आता एकाच सापळ्यात सापडले.

टेरेन्स यंग हा शांघायमध्ये जन्मलेला, केंब्रिजमध्ये शिकलेला आणि दुसऱ्या महायुद्धात लढलेला गृहस्थ. कपडे, खाणे, वाइन या सगळ्यांत त्याचा हात धरणारा विरळा. एडिनबरोच्या कामगार वस्तीत वाढलेल्या, कधीकाळी दूध पोहोचवण्याचे काम केलेल्या कॉनरीला त्याने पहिल्या चित्रपटाच्या वेळी आपल्या शिंप्याकडे, अँथनी सिंक्लेअरकडे नेले होते आणि सुटात वावरायला शिकवले होते. दुसऱ्या चित्रपटात ती शिकवण मुरलेली दिसते. ‘डॉ. नो’मध्ये कॉनरी बाँडचे काम करतो आहे असे वाटते. इथे तो नुसता खोलीत शिरला तरी बाँड असतो.

तातियानाचे काम रोमच्या डॅनिएला बियांकीने केले. १९६० च्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत ती पहिली उपविजेती होती. तिच्या बोलण्यातली इटालियन ढब रशियन मुलीच्या तोंडी चालण्यासारखी नव्हती, म्हणून तिचे सगळे संवाद बार्बरा जेफर्ड या इंग्लिश रंगभूमीवरच्या अभिनेत्रीने डब केले. पहाटे सेटवर जाताना चालकाचा डोळा लागून बियांकीच्या गाडीला अपघात झाला, तिचा चेहरा ठेचकाळला आणि सूज उतरेपर्यंत तिची दृश्ये दोन आठवडे पुढे ढकलावी लागली.

स्पेक्टरचा म्होरक्या ब्लोफेल्ड याचे तर तोंडच दिसत नाही. मांडीवरचे पांढरे मांजर कुरवाळणारे हात अँथनी डॉसनचे, ‘डॉ. नो’मधला प्राध्यापक डेंट तो हाच. आवाज व्हिएन्नाच्या एरिक पोलमनचा. श्रेयनामावलीत मात्र दोघांचेही नाव नाही, तिथे नुसते प्रश्नचिन्ह आहे. याच श्रेयनामावलीत मार्टिन बेझविक या अभिनेत्रीचे नाव पुरुषाच्या नावासारखे लिहिले गेले, आणि ती चूक कायमची राहिली. जिप्सी वस्तीत जीव खाऊन भांडणाऱ्या दोघींपैकी ती एक.

खलपात्रांची निवड पाहिली की निर्मात्यांच्या नजरेला दाद द्यावीशी वाटते. स्पेक्टरची हस्तक असलेल्या रोझा क्लेबचे काम लोटे लेन्याकडे गेले. जन्म व्हिएन्नाचा, १८९८ चा. संगीतकार कुर्ट वाइलची ती पत्नी. १९२८ साली बर्लिनमध्ये ‘थ्री पेनी ऑपेरा’त तिने जेनी उभी केली होती, आणि त्याच नाटकासाठी पुढे न्यूयॉर्कमध्ये तिला टोनी पुरस्कार मिळाला होता. अशी गायिका आखूड केस आणि जाड भिंगांचा चष्मा लावून समोर येते आणि तातियानाच्या गुडघ्याला हात लावते, तेव्हा त्या मुलीबरोबर आपणही आक्रसतो. शेवटी तिच्या जोड्याच्या टोकातून विषारी पाते बाहेर येते. नंतर आयुष्यभर लोक भेटले की आधी आपल्या पायांकडे बघतात, असे लेन्या सांगत असे. क्रॉनस्टीन हा स्पेक्टरचे बेत आखणारा बुद्धिबळपटू रंगवला पोलंडच्या व्लादेक शेबालने. आन्द्रेय वायदाच्या ‘कनाल’मध्ये (१९५७) तो होता. त्याच्या डावातली स्थिती बोरिस स्पास्की आणि डेव्हिड ब्रॉन्स्टीन यांच्या १९६० मधल्या लेनिनग्राडच्या डावावरून घेतली आहे, फक्त मधली दोन प्यादी पटावरून काढलेली आहेत. बुद्धिबळ जाणणाऱ्याला त्या दृश्यात वेगळाच आनंद मिळतो.

ग्रँट या मारेकऱ्याच्या कामासाठी रॉबर्ट शॉ आला. हा नट कादंबरीकारही होता आणि १९६२ साली त्याला हॉथॉर्नडन पारितोषिक मिळाले होते. शब्दांवर एवढी हुकमत असलेल्या माणसाने चित्रपटाचा मोठा भाग एकही शब्द न बोलता काढला आहे. बाँड जिथे जातो तिथे हा मागे, खांबाआड, गाडीच्या खिडकीत. तोंड उघडतो तो थेट झाग्रेबला, बाँडसमोर, सभ्य इंग्रजाचा आव आणून. जेवणाच्या डब्यात तो माशाबरोबर, रिवाजाप्रमाणे पांढरी नव्हे तर, तांबडी वाइन मागवतो. बाँडला ते खटकते, पण त्याचा अर्थ लागेपर्यंत उशीर झालेला असतो. मग येते ती आगगाडीच्या डब्यातली मारामारी. दोन उंचपुरे पुरुष आणि हातपाय पसरायलाही जागा नसलेला कप्पा. दिवा फुटतो आणि निळसर अंधार पसरतो. पार्श्वसंगीत नाही. चाकांचा खडखडाट, धापा आणि लाकडावर आदळणारी अंगे, एवढेच ऐकू येते. स्टंटची आखणी पीटर पर्किन्सची, पण दोघांनी जवळजवळ सगळे काम स्वतः केले आहे. यानंतर साठ वर्षांत हेरपटांत मारामाऱ्या पुष्कळ झाल्या. इतकी खरी फार थोड्यांत सापडते.

या सगळ्यांत ज्याच्याविषयी सविस्तर सांगायला हवे तो पेड्रो आर्मेन्दारिझ. १९१२ साली मेक्सिको सिटीत जन्मलेला हा नट ‘मारिया कान्देलारिया’सारख्या चित्रपटांमुळे मेक्सिकोत अफाट लोकप्रिय होता आणि जॉन फोर्डकडे हॉलिवूडमध्येही त्याने काम केले होते. इथे तो करीम बे, ब्रिटिश हेरखात्याचा इस्तंबूलमधला प्रमुख. आपल्या मुलांनाच कचेरीत कामाला ठेवणारा, खाण्यापिण्याचा आणि जगण्याचा मनापासून शौकीन असा माणूस. फ्लेमिंग १९५५ मध्ये इंटरपोलच्या परिषदेची बातमी द्यायला इस्तंबूलला गेला होता, तिथे भेटलेल्या नाझिम काल्कावान या तुर्की गृहस्थावरून त्याने हे पात्र रचले होते. चित्रीकरण चालू असताना आर्मेन्दारिझला बरा न होणारा कर्करोग असल्याचे उघड झाले. त्याला काम सोडायचे नव्हते. आपल्या मागे कुटुंबाला पैसा हवा होता. तेव्हा सगळे वेळापत्रक उलटेपालटे करून युनिट पाइनवुड स्टुडिओत आणले गेले आणि त्याची दृश्ये आधी उरकण्यात आली. जी राहिली त्यांतल्या लांबून घेतलेल्या काही शॉट्समध्ये त्याच्या जागी स्वतः यंग उभा राहिला. नीट पाहिले तर करीम बे काही ठिकाणी लंगडतो. ते दुखणे खरे आहे. जखमी करीम बाँडच्या खांद्यावर बंदूक टेकवून आपल्या वैऱ्यावर नेम धरतो त्या दृश्यात मी दर वेळी कथेतून बाहेर पडतो, आणि कॉनरीच्या खांद्याचा आधार घेतलेला आर्मेन्दारिझच तेवढा दिसतो. काम पुरे करून तो गेला आणि १८ जून १९६३ रोजी लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात त्याने आयुष्य संपवले. चित्रपट प्रदर्शित व्हायला तेव्हा जवळजवळ चार महिने बाकी होते. करीम बेच्या हसण्यात त्या आजाराची सावलीही पडलेली नाही.

याच बंदुकीच्या दृश्यातला वैरी भिंतीवरच्या भल्यामोठ्या पोस्टरमधून, अनिता एकबर्गच्या चित्रातल्या तोंडातून बाहेर पडतो. कादंबरीत ते पोस्टर मॅरिलिन मन्रोचे होते. निर्मात्यांनी तिथे स्वतःच्याच ‘कॉल मी ब्वाना’ या एकबर्गच्या चित्रपटाची जाहिरात लावून घेतली.

पहिल्या चित्रपटाचा नेपथ्यकार केन अॅडम या वेळी स्टॅन्ली कुब्रिककडे गुंतला होता. कलादिग्दर्शन सिड केनकडे आले. ‘डॉ. नो’मध्ये काम करूनही त्याचे नाव श्रेयनामावलीत राहून गेले होते. ती पुन्हा करण्याचा खर्च टाळून ब्रॉकोलीने त्याला भरपाई म्हणून सोन्याचे पेन दिले होते. या वेळी त्याच्यासमोर उंदरांचा प्रश्न उभा राहिला. इस्तंबूलखालच्या भुयारातून बाँड पळतो तेव्हा मागून उंदरांचा लोंढा यायला हवा होता. ब्रिटनमध्ये रानटी उंदीर चित्रीकरणात वापरायला बंदी. मग पाळीव पांढरे उंदीर आणले आणि रंग यावा म्हणून त्यांना कोको फासला. उंदीर धावायचे सोडून एकमेकांच्या अंगावरचा कोको चाटत बसले. अखेर माद्रिदला जाऊन तिथल्या उंदीर पकडणाऱ्याच्या मदतीने तो शॉट घेण्यात आला. पडद्यावर तो काही सेकंदांचा आहे.

इस्तंबूलमध्ये हाजिया सोफिया, जमिनीखालचा प्राचीन जलाशय आणि सिर्केजी स्थानक इथे चित्रीकरण झाले. सिर्केजीनेच बेलग्रेड आणि झाग्रेब या स्थानकांचीही कामे केली. बोटींचा पाठलाग तुर्कस्तानात जमेना म्हणून तो स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर नेला. जुलैत तिथे जागा पाहताना यंगचे हेलिकॉप्टर पाण्यात कोसळले. तो वाचला आणि हात झोळीत बांधून पुन्हा कॅमेऱ्यामागे उभा राहिला. छायालेखक टेड मूरला या चित्रपटासाठी ब्रिटिश अकादमीचे पारितोषिक मिळाले. तुर्कस्तानचे ऊन आणि आगगाडीतला काळोख दोन्ही त्याने सारख्याच ताकदीने टिपले आहेत.

चित्रीकरण ऑगस्टपर्यंत लांबले, खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर गेले. संकलक पीटर हंट मात्र चित्रीकरण चालू असतानाच जुळवाजुळव करत होता. ग्रँटच्या सरावाचा प्रसंग, ज्यात बाँडचा मुखवटा घातलेला माणूस मारला जातो, तो त्याने आणि यंगने उचलून श्रेयनामावलीच्याही आधी ठेवला. मालिकेची पुढे ओळख बनलेली ही रीत अशी संकलनाच्या टेबलावर जन्मली. ब्लोफेल्डचा बैठकीचा प्रसंग नव्याने लिहिला गेला, आणि आधीच्या सेटचे चित्र मागे प्रक्षेपित करून लेन्याचे संवाद पुन्हा घेतले गेले. श्रेयनामावली रॉबर्ट ब्राउनजॉन या अमेरिकन आरेखनकाराची. नाचणाऱ्या स्त्रीच्या अंगावर त्याने नावे प्रकाशाने उमटवली. अक्षरे पोटावर लहरतात, दंडावर वाकतात, वाचता वाचता निसटतात.

संगीत जॉन बॅरीचे. पहिल्या चित्रपटात मॉन्टी नॉर्मनच्या धूनेची त्याने फक्त बांधणी केली होती. इथे संपूर्ण पार्श्वसंगीत त्याच्याकडे आले. शीर्षकगीत लायोनेल बार्टचे, आवाज मॅट मन्रोचा. सुरुवातीला ते नुसत्या वाद्यांवर वाजते. मन्रोचा आवाज पुढे रेडिओतून आणि अगदी शेवटी येतो.

बाँडच्या कचेरीतली मंडळी म्हणजे बर्नार्ड लीचा ‘एम’ हा हेरखात्याचा प्रमुख आणि लोइस मॅक्सवेलची मनीपेनी ही त्याची सचिव, दोघेही मागील पानावरून पुढे. नवा आला तो डेस्मंड लेवेलिन. आधीच्या चित्रपटात शस्त्रतज्ज्ञ बूथरॉइडचे काम करणारा पीटर बर्टन मोकळा नव्हता, म्हणून ते काम लेवेलिनकडे आले. महायुद्धात पाच वर्षे जर्मनांच्या कैदेत काढलेल्या या वेल्श नटाने यंगच्या १९५० मधल्या युद्धपटात वेल्श सैनिक रंगवला होता. यंगला इथेही तीच वेल्श ढब हवी होती. लेवेलिनला ती पटेना, त्याने हा माणूस कोरड्या इंग्रज सरकारी अधिकाऱ्यासारखा बोलता केला. त्याचा प्रवेश अगदी लहान आहे. काळी चामडी पेटी, बाजूने बाहेर येणारे पाते, दोन्हीकडे पंचवीस-पंचवीस मिळून ५० सोन्याच्या मोहरा, घडीची बंदूक आणि टाल्कम पावडरच्या डब्यात दडवलेली अश्रुधुराची नळी, एवढे दाखवून तो निघून जातो. पुढे त्याने याच मालिकेत एकूण १७ चित्रपट केले, शेवटचा १९९९ साली.