डोंगरवाटेला वाफसा येण्याआधी

पाऊस उघडला म्हणून शेतकरी लगेच औत जुंपत नाही. मूठभर माती उचलून दाबून बघतो. तिचा लगदा झाला तर थांबतो, भुसभुशीत फुटली तर म्हणतो, वाफसा आला. मातीच्या पोकळ्यांत ओलही आहे आणि हवाही, अशी ही अवस्था. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांत हिवाळ्यानंतर कच्च्या वाटांवर जीप घालणाऱ्याला नेमकी हीच पारख लागते.

तिकडे पावसाचे दिवस हिवाळ्यातच येतात. पॅसिफिकवरून येणारी वादळं पायथ्याला पाऊस आणि माथ्याला बर्फ देऊन जातात. 2022-23 च्या हिवाळ्यात तर कहर झाला. एप्रिलच्या सुरुवातीला राज्यभरच्या बर्फात साठलेलं पाणी सरासरीच्या 237 टक्के भरलं. फिलिप्स स्टेशन या मोजणीच्या ठिकाणी बर्फाचा थर सुमारे 3.2 मीटर होता. तो वितळवला असता तर 1.37 मीटर पाणी झालं असतं. टायोगा खिंडीतला डांबरी रस्ता एरवी मे-जूनमध्ये खुला होतो, त्या वर्षी 22 जुलै उजाडला.

एवढं पाणी जमिनीत मुरतं तेव्हा काय होतं? कोरड्या मातीचे कण एकमेकांना टेकलेले असतात आणि त्यांच्यातल्या घर्षणावर गाडीचं वजन पेलतं. पोकळ्या पाण्याने गच्च भरलेल्या असताना चाक त्या मातीवर आलं, तर त्या पाण्याला निसटायला वेळच मिळत नाही. भार पाण्यावर येतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि घट्ट वाटणारी जमीन क्षणात लापशीसारखी वागते. कार्ल टेरझागी या अभियंत्याने 1920 च्या दशकात हे गणित मांडलं आणि मृदा-यांत्रिकी, म्हणजे भाराखाली माती कशी वागते याचं शास्त्र, त्यावर उभी राहिली. जाड वाळूतून पाणी पटकन निघून जातं. चिकणमातीतून निघायला आठवडे लागू शकतात. म्हणूनच सिएरातल्या ग्रॅनाइटच्या भुग्याची वाट लवकर सावरते, पण त्याच वाटेवरचा सावलीतला, उत्तरेकडे तोंड असलेला चिकणमातीचा टप्पा घात करतो. वरची दोन बोटं माती उन्हाने वाळलेली असते, खाली सगळं ओलंच.

त्यात रात्रीच्या थंडीची भर. पहाटे जमीन गोठून दगडासारखी होते आणि गाडी सुखाने जाते. दुपारी फक्त वरचा थर वितळतो. खालचा थर गोठलेलाच असल्यामुळे पाण्याला खाली मुरायला वाट नसते, आणि वर लोण्यासारखा निसरडा राडा होतो.

अशा वेळी चालक टायरमधली हवा कमी करतात, 35 पीएसआयची (हवेच्या दाबाचं माप) 18 वर वगैरे. टायर चपटा होतो, जमिनीला टेकणारा भाग लांबतो, तेच वजन जास्त जागेवर पसरतं आणि गाडी कमी रुतते. वाळूत आणि मऊ बर्फात हा उपाय उत्तम आहे. चिकणमातीत मात्र टायरच्या खाचाच चिखलाने भरून जातात. गुळगुळीत झालेलं चाक मग जागच्या जागी फिरत खड्डा खणतं.

ओढ्यांचं वेळापत्रक वेगळंच. बर्फ दुपारच्या उन्हात वितळतो, पण ते पाणी उतारावरून ओढ्यात पोचेपर्यंत संध्याकाळ होते. लडाखला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या बायकर्सना हे नवं नाही. नाले सकाळी लवकर ओलांडा, हे तिथे प्रत्येक जण सांगतो. सकाळी पोटरीपर्यंत असलेलं पाणी परतताना मांडीपर्यंत आलेलं असू शकतं. गाडीचा तळ 4 मीटर लांब आणि 1.7 मीटर रुंद धरला, तर तळाच्या वर चढणारं दर 10 सेंटिमीटर पाणी तिला जवळपास 680 किलोच्या बळाने उचलतं. आत पाणी शिरेपर्यंत तरी हा हिशेब टिकतो. म्हणजे तळाच्या वर 30 सेंटिमीटर पाणी चढलं की दोन टनांची गाडीही तरंगू लागते, आणि चाकंच टेकत नसतील तर फोर-व्हील ड्राइव्हचा काय उपयोग? प्रवाहाचा रेटाही वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट.

गाडी अडकली तर विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, ओढून काढता येते. मला काळजी वाटते ती जमिनीची. सिएराच्या उंचावरच्या कुरणांमध्ये वसंतात माती स्पंजसारखी भिजलेली असते. तिथे वाट सोडून एकच गाडी गेली तरी खोल चाकोऱ्या उमटतात आणि त्यांच्या तळाची माती दाबून घट्ट होते. पुढचं पाणी कुरणभर पसरण्याऐवजी चाकोरीतून धावू लागतं, तिला दरवर्षी खोल करतं आणि शेवटी तिची घळ होते. चराने शेतातलं पाणी काढावं तसं ती घळ कुरणातलं पाणी ओढून नेते. भूजल खाली जातं, ओलाव्यावर जगणारं गवत मरतं आणि त्याच्या जागी कोरड्या माळावरची सेजब्रशची करडी झुडपं उगवतात.